प्रायश्चित्त आणि पश्चात्ताप : मराठी ख्रिस्ती लेखनातील एका संकल्पनेचा इतिहास

१

‘पंचहौद मिशनचे चहा-प्रकरण’ या नावाने पुण्याच्या सामाजिक इतिहासात ओळखली जाणारी घटना ऑक्टोबर १८९० मधील आहे. मिशनच्या निमंत्रणावरून जमलेल्या शहरातील प्रतिष्ठितांपुढे चहा ठेवण्यात आला. काहींनी तो घेतला, काहींनी यजमानांचा मान राखण्यापुरता पेल्याला हात लावला. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वृत्तपत्रातून जाहीर केली आणि ग्रामण्य सुरू झाले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली, प्रायश्चित्ते ठरली. यादीतील बाळ गंगाधर टिळकांनी आपण काशीत प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. न्यायमूर्ती रानड्यांनी आरंभी प्रायश्चित्त नाकारले, पण बहिष्काराने गांजलेल्या सहकाऱ्यांच्या अडचणी ध्यानात घेऊन १८९२ साली ते घेतले. रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या प्रसंगाचे घरातून पाहिलेले चित्र आहे. चहा पिण्यात पाप आहे असे रानड्यांना क्षणभरही वाटले नव्हते. तरीही विधी यथासांग पार पडला आणि शास्त्राच्या दृष्टीने दोषाचे निरसन झाले.

त्याच पुण्यात, त्याच सुमारास, पंडिता रमाबाई वेगळ्याच पेचात होत्या. त्यांचे शारदा सदन १८९० च्या अखेरीस मुंबईहून पुण्यास आले होते. १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा होऊन सात-आठ वर्षे लोटली होती. ख्रिस्ती धर्माची तत्त्वे त्यांनी अभ्यासली होती, त्यांवरून धर्मगुरूंशी वाद घातला होता, त्याच्या सेवाधर्माला आपले आयुष्य वाहिले होते. आणि या टप्प्यावर त्यांना आपण पापी असल्याची जाणीव झाली. कोणतेही धर्मपीठ त्यांच्याकडे या पापाचा जाब विचारत नव्हते. कोणतीही पंगत त्यांना त्यासाठी वर्ज्य झाली नव्हती.

एकाच शहरातील या दोन घटना शेजारी ठेवल्या की एकीकडे पापभावनेवाचून घडलेले प्रायश्चित्त दिसते आणि दुसरीकडे प्रायश्चित्तावाचून जागी झालेली पापभावना. यावरून एक सोपे समीकरण मांडण्याचा मोह होतो : हिंदू परंपरेत बाह्य विधी, तर ख्रिस्ती परंपरेत आंतरिक भाव, तिकडे नियम, इकडे अंतःकरण. एकोणिसाव्या शतकातील मिशनरी लेखनाने हे समीकरण वारंवार मांडले आणि मराठी ख्रिस्ती साहित्याच्या समीक्षेतही ते पुष्कळदा गृहीत धरले गेले. परंतु ते दोन्ही बाजूंनी अपुरे आहे. मराठी परंपरेला अनुताप परका नव्हता, आणि ख्रिस्ती झालेल्या मराठी लेखकांची ओढ नियमापासून दूर जाण्याची नव्हती. त्यांना देवाचा नियम हवा होता, आणि त्या ओढीवाचून त्यांच्या पश्चात्तापाचा अर्थ लागत नाही.

२

प्रथम शब्दांचा विचार करू. ‘प्रायश्चित्त’ हा धर्मशास्त्राचा पारिभाषिक शब्द होय. याज्ञवल्क्यस्मृतीचा तिसरा अध्याय प्रायश्चित्ताला वाहिलेला असून महाराष्ट्रात त्यावरील विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेला दीर्घकाळ प्रामाण्य होते. पातक कोणते, ते जाणता घडले की अजाणता, कर्ता कोण, यांनुसार कृच्छ्र, चांद्रायण इत्यादी विधींची प्रतवारी येथे आढळते. या व्यवस्थेचे लक्ष कर्त्याच्या मनापेक्षा कृतीवर आणि कृतीमुळे विसकटलेल्या सामाजिक व्यवहारावर अधिक असते. तथापि मनूनेही अकराव्या अध्यायात पापाचे प्रकट निवेदन, अनुताप, तप आणि अध्ययन यांना पापमुक्तीची साधने म्हटले आहे. भागवताच्या सहाव्या स्कंधात, अजामिळाच्या कथेच्या आरंभी, परीक्षिताने विधिरूप प्रायश्चित्ताला हत्तीच्या स्नानाची उपमा दिली आहे. नदीतून बाहेर आलेला हत्ती पुन्हा अंगावर धूळ उडवून घेतो. म्हणजे प्रायश्चित्ताची समीक्षा मिशनरी येण्याच्या कित्येक शतके आधी परंपरेच्या आतूनच झालेली होती.

मराठी संतांनी या समीक्षेला ‘अनुताप’ हा शब्द दिला. १५७३ साली काशीत पूर्ण झालेल्या एकनाथी भागवतात आठव्या अध्यायातील पिंगलेच्या कथेला जो विस्तार लाभला आहे, त्याचे मर्म अनुताप हेच आहे. गिऱ्हाइकाची वाट पाहत दारात तिष्ठणारी ही वेश्या एका रात्रीत पालटते. तिला कोणी प्रायश्चित्त सांगत नाही. तिचे जळणे हीच तिची शुद्धी ठरते. तुकारामाच्या अभंगांतील आत्मनिर्भर्त्सनाही याच परंपरेतली. या अनुतापाची दिशा मात्र वैराग्याकडे असते. तो विषयांपासून परतवतो आणि नामाकडे नेतो. आपण कोणता नियम मोडला हा प्रश्न तेथे दुय्यम असतो.

बायबलच्या मराठी अनुवादकांसमोर हे दोन्ही शब्द होते. श्रीरामपूरला १८११ साली नवा करार आणि मुंबईत १८४७ साली संपूर्ण बायबल मराठीत प्रसिद्ध झाले. पुढे रूढ झालेल्या मराठी बायबलात या शब्दांची जी वाटणी झाली ती अर्थपूर्ण आहे. माणसाने करावयाच्या गोष्टीसाठी ‘पश्चात्ताप’ हा शब्द स्थिरावला. ‘प्रायश्चित्त’ हा शब्द टाकून दिला गेला नाही. जुन्या करारातील पापनिष्कृतीच्या विधींसाठी तो योजला गेला आणि योहानाच्या पहिल्या पत्रात तर खुद्द ख्रिस्तालाच तो लावला गेला. पापाचे प्रायश्चित्त ख्रिस्त आहे, माणसाच्या वाट्याला पश्चात्ताप आहे, असा हा विभाग होय. ज्या वाचकाच्या गावी प्रायश्चित्त म्हणजे क्षौर, पंचगव्य आणि दक्षिणा होते, त्याला ‘प्रायश्चित्त’ ही एक व्यक्ती असू शकते हे वाचताना जो धक्का बसला असेल तो भाषिकही होता आणि धार्मिकही. हिब्रू ‘तोरा’साठी ‘नियमशास्त्र’ हा प्रतिशब्द आला. त्यातील ‘शास्त्र’ या पदाने वाचकाच्या मनात धर्मशास्त्राची आठवण जागी राहिली. ज्या शब्दाने एक दार बंद केले होते, त्याच शब्दाने दुसरे उघडले जात होते.

३

या नियमशास्त्राविषयीची ओढ पाहायची तर स्तोत्रसंहितेतील ११९ वे स्तोत्र वाचावे लागते. बायबलमधील हा सर्वांत दीर्घ अध्याय : १७६ कडवी, हिब्रू वर्णमालेच्या २२ अक्षरांनुसार प्रत्येकी आठ कडव्यांचे २२ गट. नियम, आज्ञा, विधी, निर्बंध, वचन अशी पर्यायपदे जवळजवळ प्रत्येक कडव्यात फिरून येतात. वरवर पाहता ही रचना कंटाळवाणी वाटते. एका कायद्याची स्तुती इतक्या वेळा कशासाठी, असा प्रश्न आधुनिक वाचकाला पडतो. पण येथील नियमाविषयीचा भाव आज्ञाधारकाचा नसून तहानलेल्याचा आहे. वक्ता रात्री उठून नियमाचे चिंतन करतो, त्याला मधाहून गोड म्हणतो, परक्या देशातील प्रवासी तो विचारतो तशी वाट नियमाला विचारतो.

या स्तोत्राचे अखेरचे कडवे अधिक महत्त्वाचे आहे. पावणेदोनशे कडवी नियमावरील प्रेम सांगून झाल्यावर वक्ता आपण हरवलेल्या मेंढरासारखे भरकटलो असल्याची कबुली देतो आणि देवाने आपल्याला शोधावे अशी विनंती करतो. स्तोत्राची सारी बांधणी या कबुलीकडे चाललेली असते. ज्याला नियमाची ओढ नाही त्याला आपण भरकटलो हे कळण्याचे साधनच नसते. वाट प्रिय असलेल्यालाच चुकलेल्या वाटेचे दुःख होते. हिब्रूत पश्चात्तापासाठी वापरले जाणारे ‘शूव’ हे क्रियापदही परत फिरणे या साध्या अर्थाचे आहे.

ग्रीकमध्ये हा अर्थ ‘मेतानोइआ’, म्हणजे मन पालटणे, या शब्दाने आला. लॅटिनमध्ये तो ‘पेनितेंतिया’ झाला आणि त्याला शिक्षेची छटा चिकटली. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने प्रत्येक श्रद्धावंताला वर्षातून एकदा पापनिवेदन बंधनकारक केले. लॉरेन्झो वाल्ला आणि इरॅस्मस या मानवतावादी पंडितांनी ग्रीक शब्दाकडे पुन्हा लक्ष वेधले आणि १५१७ साली मार्टिन ल्यूथरने आपल्या पंच्याण्णव प्रमेयांतील पहिल्याच प्रमेयात श्रद्धावंताचे सारे आयुष्य पश्चात्तापमय असावे असे प्रतिपादन केले. दुसऱ्या प्रमेयात त्याने स्पष्ट केले की हे धर्मगुरूपुढील पापनिवेदनाच्या संस्काराविषयी नाही. म्हणजे पुण्यात १८९० नंतर दिसणारा विधी आणि भाव यांचा ताण युरोपच्या ख्रिस्ती जगानेही आपल्या पोटात वागवला होता. ख्रिस्ती म्हणजे भाव आणि हिंदू म्हणजे विधी, हे समीकरण येथे दुसऱ्यांदा कोलमडते.

खऱ्या पश्चात्तापाची ओळख कशी पटवावी, हा यातला कळीचा प्रश्न. शुभवर्तमानांतील दोन व्यक्तिरेखा या दृष्टीने बोलक्या आहेत. यहूदा इस्कर्योत येशूला शिक्षा झाल्याचे पाहून खंतावतो, याजकांपुढे आपल्या पापाची कबुली देतो आणि चांदीची तीस नाणी परत करतो. निवेदन आणि परतफेड ही दोन्ही अंगे येथे पूर्ण होतात. तरी मत्तयाने त्याच्यासाठी ‘मेतानोइआ’च्या कुळातील क्रियापद योजलेले नाही, निव्वळ खेद दाखवणारे दुसरेच क्रियापद वापरले आहे. यहूदा पैसे घेऊन याजकांकडे परतला, पण ज्याचा अपराध केला त्याच्याकडे फिरला नाही. मराठीत ‘पस्तावा’ आणि ‘पश्चात्ताप’ हे एकाच मुळाचे तद्भव आणि तत्सम शब्द असूनही त्यांच्या अर्थांत अंतर पडले आहे. या अंतराच्या साहाय्याने हा भेद मराठी वाचकाला सहज कळतो. लूकच्या शुभवर्तमानातील जकातदार जक्कय मात्र एक अश्रूही ढाळत नाही. तो अर्धी मालमत्ता गरिबांना द्यायला निघतो आणि लुबाडलेल्याला चौपट परत करण्याचे जाहीर करतो. चोरलेल्या मेंढरामागे चार मेंढरे भरून द्यावीत, हा निर्गम या ग्रंथातील नियम आहे. जक्कयाचे पालटलेले मन थेट नियमशास्त्राच्या भाषेत बोलू लागते. खरा पश्चात्ताप माणसाला नियमापलीकडे नेत नाही, तो त्याला आनंदाने नियमाकडे परत आणतो.

४

पंडिता रमाबाईंचे आयुष्य या सूत्राचे मराठीतील सर्वांत समृद्ध उदाहरण होय. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब तीर्थयात्रा आणि पुराणकथन यांवर जगत होते. १९०७ साली इंग्रजीत लिहिलेल्या आपल्या साक्षीत रमाबाईंनी या काळातील व्रते, उपवास, स्नाने, दाने यांचे तपशील दिले आहेत. शास्त्राने सांगितलेले जे जे शक्य ते सारे या कुटुंबाने निष्ठेने पाळले. दुष्काळात, १८७४ साली, वडील, आई आणि थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने मृत्यू पावली. नियम पाळूनही नियमाने वाचवले नाही, हा अनुभव त्यांच्या पुढील साऱ्या विचाराच्या तळाशी आहे.

दुसरा आघात वाचनाने केला. कलकत्त्यात १८७८ साली ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्यानंतर स्त्रियांना त्यांचे धर्म सांगावेत म्हणून त्यांनी धर्मशास्त्रांचे अध्ययन केले. परस्परांशी क्वचितच जुळणारे हे ग्रंथ स्त्री ही स्वभावतः पापी आहे आणि तिला स्वतंत्रपणे मोक्षाचा अधिकार नाही, या एका बाबतीत एकमताचे आहेत, असे त्यांना आढळले. साक्षीतील हा भाग संतापाने लिहिलेला नाही. वाचकाने शोधलेल्या संगतीची ती शांत नोंद आहे. ज्या नियमाची ओढ लहानपणापासून होती, त्या नियमाने आपल्याला वाचकाच्या जागेवरूनच उठवले आहे हे त्यांच्या ध्यानात आले. तरीही १८८२ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे पहिले मराठी पुस्तक ‘स्त्रीधर्मनीति’ हे आचारग्रंथाच्याच वळणाचे होते. नियमाचा शोध त्यांनी सोडला नव्हता.

इंग्लंडमध्ये फुलम येथील ‘पतित’ मानल्या गेलेल्या स्त्रियांसाठीचे आश्रयगृह त्यांनी पाहिले आणि योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचली. तेथे त्यांना पापी स्त्रीशी बोलणारा, तिच्यावर सत्य सोपवणारा नियमदाता भेटला. बाप्तिस्म्यानंतरही वाँटेजमधील सिस्टर जेरल्डिन आणि चेल्टनहॅमच्या डोरोथिआ बील यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्यांनी धर्मसंस्थेच्या अधिकारापुढे मान तुकवली नाही. ए. बी. शहा यांनी संपादित केलेली आणि १९७७ साली प्रसिद्ध झालेली ही पत्रे वाचताना जाणवते की एका शास्त्राच्या मध्यस्थांना नाकारून आलेली ही स्त्री दुसऱ्या शास्त्राचे मध्यस्थ स्वीकारायला तयार नव्हती.

म्हणूनच १८९१ च्या सुमारास त्यांना आलेल्या अनुभवाला महत्त्व येते. विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. स्वतःचेच प्रवचन देताना ज्याचे परिवर्तन झाले असा हा धर्मोपदेशक. रमाबाईंना जाणवले की आपल्याला ख्रिस्ती धर्म गवसला आहे, पण ख्रिस्त गवसलेला नाही. ही कबुली साधी नव्हती. ज्या धर्मासाठी समाज, प्रतिष्ठा आणि आप्त यांचा रोष पत्करला, तो आपण बुद्धीने स्वीकारलेल्या मतांचा संच होता, असे त्या जाहीरपणे म्हणत होत्या. त्यांच्या टीकाकारांना यापेक्षा अधिक सोयीचे वाक्य सापडले नसते. त्यांनी ते लिहिले, यातच त्या पश्चात्तापाचा खरेपणा आहे. बचावाची सारी भाषा येथे खाली ठेवलेली असते.

५

परंतु पश्चात्ताप एकदा शब्दांत आला की त्याचा संकेत बनतो. ऑगस्टीनने चौथ्या शतकाच्या अखेरीस ‘कबुलीजबाब’ लिहायला घेतल्यापासून ख्रिस्ती आत्मकथनाला एक साचा मिळाला : पूर्वीचा आंधळा ‘मी’, संकटाचा क्षण, आणि मागे वळून पाहणारा नवा ‘मी’. बाबा पदमनजी यांचे ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र या साच्याचे मराठी रूप आहे. त्याचे शीर्षकच अंधाराकडून उजेडाकडे जाणारी रेषा आखते. जून १९०५ मध्ये केडगावच्या मुक्ती सदनात जे धार्मिक जागरण झाले, त्यात शेकडो मुली मोठ्याने रडत आपल्या पापांची कबुली देत होत्या. सामुदायिक रुदनात कोणाचे रडणे स्वतःचे आणि कोणाचे शेजारणीचे, हे कसे ठरवावे? अश्रूंची शंका ख्रिस्ती परंपरेनेही घेतली आहे. यहूदाचा खेद खोटा नव्हता, तो केवळ निष्फळ होता.

या प्रश्नाचे एक उत्तर मराठी गद्याने अनपेक्षित ठिकाणी दिले आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाली. तुकारामाचा वारसा मानतच ख्रिस्ताकडे गेलेले त्यांचे पती नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ मधला, लक्ष्मीबाईंचा १९०० मधला. या मधल्या पाच वर्षांत सोवळ्याओवळ्याचा, स्पर्शास्पर्शाचा संपूर्ण संकेतव्यूह त्यांच्या मनातून हळूहळू ओसरला. जातिभेद देवाचा की माणसाचा, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी स्वतःशीच शोधले आणि ते मिळाल्यावर पुन्हा मागे पाहिले नाही. या कथनात विलाप नाही. पूर्वीच्या आपल्या विटाळाच्या कल्पना सांगताना लक्ष्मीबाई स्वतःवरच हसतात. रूढ साच्याच्या कसोटीवर हे पश्चात्तापाचे लेखन ठरणार नाही. पण ‘मेतानोइआ’चा मूळ अर्थ मन पालटणे हा असेल, तर मराठीत त्याचा याहून विश्वसनीय पुरावा मिळणे कठीण. माणसाने घातलेला नियम आणि देवाचा नियम यांतला फरक त्यांना कळला, आणि तो कळल्यावर कोणाच्या हातचे खावे हा त्यांचा रोजचा व्यवहार पालटला. जक्कयाप्रमाणेच येथेही पश्चात्तापाची खूण कृतीत आहे.

६

आता पुण्यातील त्या दोन घटनांकडे पुन्हा पाहता येते. रानड्यांच्या प्रायश्चित्ताला दंभ म्हणणे अन्यायाचे होईल; त्यात सहकाऱ्यांविषयीची करुणा होती आणि स्वतःच्या प्रतिष्ठेचा त्याग होता. उणीव त्यांच्या मनाची नव्हती, त्यांच्यापुढे ठेवलेल्या नियमाची होती. ज्याच्यावर प्रेम करता येत नाही असा तो नियम होता. त्याला शरण जाता येई किंवा त्याला चकवता येई. त्याच्यासाठी रात्री जागता येत नव्हते. रमाबाईंना ज्याची तहान होती तो नियम हा नव्हे.

त्यांच्या उत्तरायुष्यातील मोठे काम या तहानेचेच फळ आहे. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबलचा मराठी अनुवाद केला, आणि तोही अल्पशिक्षित स्त्रियांना वाचता यावा अशा साध्या मराठीत. एप्रिल १९२२ मध्ये त्या निवर्तल्या. अनुवाद १९२४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. वाङ्मयेतिहासात त्याची नोंद बहुधा एका ओळीत होते आणि त्याच्या भाषेच्या ओबडधोबडपणाचा उल्लेख त्याच ओळीत येतो. पण शास्त्राने वाचकाच्या जागेवरून उठवलेल्या एका स्त्रीने आयुष्याची अखेरची वर्षे शास्त्र प्रत्येक स्त्रीच्या हाती देण्यासाठी वेचली, या दृष्टीने तो ग्रंथ पाहिला म्हणजे त्याची शैली हा दोष राहत नाही. तीही एक परतफेड आहे. त्या अनुवादासाठी ११९ व्या स्तोत्राची १७६ कडवी त्यांनी एकेक करून मराठीत आणली असतील, आणि नियमावरील प्रेमाचे ते दीर्घ गाणे त्यांच्याही लेखणीखाली हरवलेल्या मेंढराच्या हाकेपाशी येऊन थांबले असेल.